शेगुलाआजीचा हात, थ्रू प्रॉपर चॅनल

आधीच सांगून टाकते... या सदरात जे अनुभव छापून येतात, त्यांतला एकही मला खरा वाटत नाही. झाडाखाली उभी असलेली बाई, बंद खोलीतले पैंजण, स्टेशनवर रस्ता दाखवून गायब होणारा म्हातारा — वाचते सगळं, कारण इस्राएलमध्ये मराठी वाचायला मिळतं तरी किती? पण विश्वास? छे. आमच्या घरी एलियाहू हनबीला, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या पैगंबराला, मलिद्याचा नवस बोलायचे, तेव्हाही माझी भक्ती पोह्यांतलं खोबरं वेचण्यापुरतीच. मुंबईला असताना मी फोर्टात एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. ज्या गोष्टीला जावक क्रमांक नाही ती घडलीच नाही, एवढीच माझी श्रद्धा.

आणि ही भुताची गोष्टही नाही. जिच्याबद्दल सांगणार आहे ती बाई तेव्हा ठणठणीत जिवंत होती, दोन्ही वेळ भाकरी खात होती. त्यामुळे भुतावर ढकलून मोकळं व्हायची सोयसुद्धा मला राहिलेली नाही. हाच तर माझा वैताग आहे.

साल १९६३. आम्ही डिमोनात राहायचो — बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण फ्लोरा. आई मुंबईतच वारली होती. डिमोना म्हणजे तेव्हा वाळवंटात उभे केलेले सरकारी ब्लॉक, एक बाजार, एक बसस्टॉप आणि उरलेली सगळी धूळ. मी आणि फ्लोरा दोघी कापडगिरणीत कामाला होतो. गिरणीतून बेर्शेबाला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर होता शिमॉन. मोरोक्कोचा, कुरळ्या केसांचा, सतत गुणगुणणारा. फ्लोरा रोज मुद्दाम पुढच्या सीटवर बसते हे साऱ्या बसला कळलं, सगळ्यांत शेवटी मला कळलं.

बाबांनी फार ताणलं नाही. शिमॉनच्या आईनं थोडं नाक मुरडलं, मग बदामाच्या वड्या घेऊन घरी आली. म्हणजे ठरलं, असं आम्हाला वाटलं.

मग आम्ही लग्नाची नोंद करायला गेलो.

ज्यांना ते दिवस ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, लोकांनी समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न ठरवलं की नोंदणीच्या टेबलावर विचारायचे — तुमची आई यहुदी कशावरून? बरं, तिची आई? आणि तिची? आमचे बाबा उभ्या आयुष्यात शब्बाथला विस्तवाला शिवले नव्हते. ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "आमच्या गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. शनवारी घाणा बंद म्हणून. सगळ्या कोकणाला ठाऊक होतं आम्ही कोण ते. तुम्हालाच काय ते ठाऊक नाय." आणि तरातरा बाहेर गेले. मी त्याचं जमेल तेवढं हिब्रू केलं. जमलं नाही तेच बरं झालं.

नोंदणीवाले रब्बी — इथे लग्नं धर्मगुरूच नोंदवतात — वाईट माणूस नव्हते, हे कबूल करायला मला आजही जड जातं. दाढीतून हळू बोलायचे. फ्लोराकडे थेट न बघता म्हणाले, "मुलीच्या आजीला आणि पणजीला ओळखणारं कोणी हयात आहे? त्या व्यक्तीनं शपथेवर सांगावं. मी नोंद करीन."

होतं की हयात! शेगुलाआजी. आमच्या आईची मावशी — म्हणजे आजीची सख्खी बहीण. रेवदंड्याजवळच्या गावात, नारळीच्या वाडीत एकटी राहायची. मी लहानपणी किती सुट्ट्या तिच्या मांडीवर काढल्या असतील... फ्लोराला मात्र तिची काही आठवण नव्हती. फ्लोरा पाळण्यात असतानाच आईचं दुखणं सुरू झालं आणि आमचं गावाला जाणं थांबलं ते थांबलंच.

आम्ही मुंबईला हनोकला लिहिलं. हनोक माझा चुलतभाऊ, तेव्हा तो अजून तिकडेच होता. त्यानं बिचाऱ्यानं आजीला अलिबागच्या कचेरीत नेऊन प्रतिज्ञापत्र करवलं. छान, गोल शिक्का. मी ते घेऊन नोंदणीला गेले. रब्बींनी कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"ही कोणती लिपी?"

"मराठी."

"आणि हा शिक्का?"

"मॅजिस्ट्रेटचा."

"ते मॅजिस्ट्रेट आहेत हे मला कोण सांगणार?"

मी म्हटलं, मी सांगते ना. ते म्हणाले, तुम्ही मुलीची बहीण.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वकिलाती कशासाठी असतात. मला वाटायचं, मोठ्या माणसांनी पार्ट्या कराव्यात, झेंडे लावावेत, काळ्या गाडीतून फिरावं, यासाठी. तसं नाही. एका देशाच्या शिक्क्याची दुसऱ्या देशाला कुणीतरी ओळख करून द्यावी लागते. हा माणूस खरा आहे, ही सही त्याचीच आहे, मी जातीनं सांगतो — एवढं म्हणणारा कुणीतरी मधे लागतो. तो नसला की अख्खा अलिबाग तालुका खोटा ठरतो.

आणि आमच्या बाबतीत तो नव्हताच. भारताची इथे वकिलातच नव्हती. भारतानं इस्राएलला मान्यता दिली होती, पण संबंध कसे? चाळीतली दोन बिऱ्हाडं जिन्यात भेटली तर मान हलवतात, पण एकमेकांकडे चहाला जात नाहीत, तसे. इस्राएलची एक कॉन्सुलेट तेवढी मुंबईला होती. इकडे भारताचं कुणी नाही.

कुणीतरी सांगितलं, तेल-अवीवला एक परक्या देशाची वकिलात आहे, ती भारताची कामंही बघते. गेले. डिमोना ते बेर्शेबा, बेर्शेबा ते तेल-अवीव, नवीन चपला चावत होत्या. काउंटरवरचा साहेब इतका नम्र की अंगावर काटा यावा.

"मॅडम, आपण भारतीय नागरिक आहात?"

"होते. आता इथली."

"मग आपलं काम आमच्याकडे येत नाही."

"पण माझी आजी भारतीय आहे."

"त्या कुठे असतात?"

"भारतात."

"मग त्यांना आमची गरज नाही, मॅडम. त्या भारतातच आहेत."

एवढं बोलून त्यानं मला पाणी दिलं. ते पाणी त्याच्या टेबलावर ओतावं असं मनात आलं होतं. प्यायले आणि आले.

मग इस्राएलच्या परराष्ट्र खात्याकडे. आता यातही गंमत बघा — सगळ्या जगाच्या वकिलाती तेल-अवीवला, आणि परराष्ट्र खातं येरुशलेमला, का तर येरुशलेमबद्दल जगाचं एकमत नाही. जगाचं एकमत नाही म्हणून डिमोनाच्या एका गिरणीकामगार बाईनं रजा घालवून दोन गावं पालथी घालायची! येरुशलेमच्या त्या बैठ्या बराकीतल्या खिडकीवर एक गृहस्थ बसायचे. गोल टोपी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, युरोपातले कुठले तरी. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही, मी आणि बाबा त्यांना 'सावलानुत' म्हणायचो. सावलानुत म्हणजे धीर धरा. दुसरं काही त्यांच्या तोंडून निघायचंच नाही. पण त्यांनी एक रस्ता मात्र सांगितला — आजीनं मुंबईला आपल्या कॉन्सुलेटमध्ये यावं, आपल्या अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यावी, तो साक्षांकित कागद खात्यामार्फत येईल.

"मार्फत म्हणजे?" मी विचारलं.

"योग्य मार्गानं," ते म्हणाले.

थ्रू प्रॉपर चॅनल! फोर्टातल्या कचेरीत मी हे तीन शब्द इतक्यांदा टाइप केले होते की ते माझ्याच मानगुटीवर बसणार हे ठरलेलंच होतं.

हनोकनं कळवलं, पावसाळा आहे, रेवसची लाँच बंद आहे. पाऊस संपला तर आजीचे गुडघे धरले. गुडघे सुटले तर हनोकला रजा मिळेना. इकडे शिमॉनच्या आईनं निरोप पाठवला की पेसाखच्या सणाच्या आत लग्न झालं तर झालं. पेसाख ते शाव्वुओथ या दोन सणांच्या मधे आपल्यात लग्नं होत नाहीत, आणि तेवढे दिवस तरणाताठा मुलगा ती मोकळा ठेवणार नव्हती, तिच्या भावाची मुलगी बघून ठेवलेली होती. शिमॉन म्हणाला, मी आईचं ऐकणार नाही. पण तो आईचं सगळंच ऐकायचा हे फ्लोराला ठाऊक होतं. ती जेवेनाशी झाली. गिरणीत तिच्या हातून धागे तुटायला लागले. रात्री पलंगावर उशीत तोंड खुपसून पडायची. मी तिला रागावायची, कारण दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

हिवाळ्यात कधीतरी हनोकची तार आली. शपथ झाली, कागद निघाला, एवढंच. मी नाचायचीच बाकी होते. आणि मग... काही नाही. कागद कुठेच पोचला नाही. पेसाख जवळ येत चाललं.

शेवटी पुरीमचा सण झाल्यावर मी परत येरुशलेम गाठलं. थंडी, पाऊस, रांगेत माझ्यापुढे एक माणूस त्याच्या अडकलेल्या पेटाऱ्याची कथा सांगत बसला होता. माझा नंबर आला. सावलानुतांनी फायली चाळल्या, पुन्हा चाळल्या.

"अजून आलेला नाही."

"मुंबईहून निघून किती दिवस झाले!"

"गेवेरेत, सावलानुत." बाई, धीर धरा.

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की अर्धं मराठीत बोलले, कारण हिब्रूत तेवढा राग मावत नव्हता. ते शांतपणे ऐकत होते. मी पर्स उचलली, वळले, आणि त्यांनी खिडकीच्या खालच्या फटीतून दोन्ही हात पुढे केले.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात हातबोशी म्हणून रीत आहे. देवळात, म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थना झाली की वडीलधारा माणूस दोन्ही हात पुढे करतो, समोरचा आपले हात त्याच्या हातांत देतो, मग दोघं आपापली बोटं ओठांना लावतात. ज्याला मिळाली तो पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. असं करत ती साऱ्या देवळात फिरते. ही फक्त आमची रीत. युरोपातल्या लोकांना ती ठाऊक असायचं कारण नाही, आणि गोल टोपी घालणारा, धर्म काटेकोर पाळणारा माणूस परक्या बाईचे हात हातात घेईल हे तर आक्रीतच.

पण त्यांनी हात पुढे केले, नेमके तसेच, आणि माझे हात आपोआप त्यांत गेले. लहानपणापासूनची सवय... समोर हात आले की द्यायचे.

आणि ते हात त्यांचे नव्हते.

कसं सांगू? शेगुलाआजीच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. पोरवयात घाण्यात गेली होती. ती हातबोशी करायची तेव्हा तळहाताच्या कडेला, करंगळी असायला हवी तिथे, एक मोकळी जागा राहायची. तिथून वारा लागायचा. आणि तिची एक खोड होती — अंगठ्यानं तळहाताच्या खळग्यात दोनदा दाबायची, भाकरीचं पीठ झालंय का बघतात तसं. तिच्याशिवाय असं कुणी करताना मी पाहिलं नाही. मी पाच-सहा वर्षांची असताना तिची हातबोशी मिळाली की मूठ मिटून घ्यायचे आणि पळून जायचे. पुढच्या पोराला द्यायचेच नाही. सगळी पोरं रडायची, आई ओरडायची. आजी हसायची.

तो दाब मला येरुशलेमच्या खिडकीत लागला. दोनदा. आणि कडेला तो थंड वारा. मी खाली पाहिलं, तर सावलानुतांच्या हाताला पाचही बोटं, शाईनं माखलेली. बोट दिसत होतं आणि लागत नव्हतं.

त्यांनी एकदम हात मागे घेतले, चटका बसल्यासारखे. माझ्याकडे बघून म्हणाले, "लो आत."

म्हणजे — तू नाहीस.

"काय म्हणालात?"

ते स्वतःच गोंधळले होते. चष्मा काढला, पुसला. "माफ करा. मला कळलं नाही मी काय... पुढे कोण आहे?"

बसमध्ये परत येताना मी काय विचार केला असेल? घाबरले का? नाही. मला राग आला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत राग आला. धावपळ कुणी केली? चपला कुणाच्या झिजल्या? रजा कुणाच्या गेल्या? आणि ज्या हातासाठी माझा जीव इतकी वर्षं तुटला तो समुद्रापलीकडून येतो काय, आणि मला सांगतो काय, तू नाहीस! मग स्वतःलाच म्हटलं, लिली, तू सकाळपासून उपाशी आहेस, तुला चक्कर आली असेल. बेर्शेबाला उतरून दोन फलाफेल खाल्ले. घरी कुणाला काही बोलले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात नोंदणीवाल्या रब्बींनीच शिमॉनला बोलावणं धाडलं. आम्ही तिघं गेलो. मला वाटलं, झालं, आता कायमचं नाही म्हणणार. फ्लोरानं आईची जुनी हिरवी साडी नेसली होती. नाहीच म्हणायचं तर मला साडीत बघून म्हणू देत, म्हणाली.

रब्बींच्या टेबलावर आमची फाइल होती. उघडी. आत अलिबागचं प्रतिज्ञापत्र आणि नंतर काहीच नाही. कागद आलेला नव्हता, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कारण मी उलट्या बाजूनं फाइल वाचण्यात पटाईत आहे. ते बराच वेळ स्वतःच्या उजव्या तळव्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "रविवारी या. नोंद करून टाकू."

मी म्हटलं, "कागद आला का?"

फ्लोरानं मला टेबलाखालून अशी लाथ घातली की वळ आठवडाभर होता.

"नाही," रब्बी म्हणाले. "पण मला पटलं आहे."

"कशावरून?"

"ताई!" फ्लोरा दातांखालून म्हणाली. "शेकेत!" म्हणजे गप्प बस.

रब्बी उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि शिमॉनचे दोन्ही हात हातांत घेतले. शिमॉननं नंतर सांगितलं, त्याला वाटलं रब्बी आशीर्वाद देताहेत. पण मला त्यांच्या मागून दिसत होतं. त्यांचा अंगठा हलला. एकदा, दोनदा. मग त्यांनी आपली बोटं ओठांना लावली आणि जरा ओशाळल्यासारखे खुर्चीत जाऊन बसले.

बाहेर आलो. बसस्टॉपपाशी ऊन होतं. शिमॉननं वळून फ्लोराचे हात हातांत घेतले. तो हसत होता. फ्लोरा हसली नाही. ती खाली त्याच्या हातांकडे बघत राहिली आणि मग मराठीत, त्याला कळू नये म्हणून, मला म्हणाली —

"ताई, ह्याला करंगळी नाही असं का वाटतंय मला? आहे ना रे देवा. आहे. मग लागत का नाही?"

मी फ्लोराला आजीच्या बोटाबद्दल कधी सांगितलं नव्हतं. बाबांना विचारलं, त्यांनीही नाही. आजीचा फोटोसुद्धा आमच्याकडे नव्हता.

पेसाखच्या आत लग्न झालं. डिमोनाच्या आमच्या छोट्या देवळात, मेंदीचे हात, मोरोक्कोची गाणी, आमची गाणी, दोन्ही एकदम आणि दोन्ही बेसूर. बाबा खुशीत होते. सगळं आटपल्यावर हातबोशी झाली. बाबांनी फ्लोराला दिली. फ्लोरा वळली, समोर मी होते.

तिनं दोन्ही हात पुढे केले.

आणि या वेळी कुणी हात मागे घेतले नाहीत. माझ्या बहिणीच्या मेंदीभरल्या, धडधाकट, दहा बोटांच्या हातांत मला शेगुलाआजीचा हात लागला. कडेची मोकळी जागा, तिथून येणारा वारा. अंगठ्याचा दाब, दोनदा. किती वेळ धरून ठेवला ते ठाऊक नाही. फ्लोरा म्हणाली, "ताई, सोड की. मागे लोक थांबलेत." मी रडले. लग्नात रडायचंच असतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

कागद आला. लग्नानंतर तीन आठवड्यांनी, व्यवस्थित, सगळ्या सह्या-शिक्क्यांसकट, आणि सोबत एक चिठ्ठी की याच्या आणखी दोन प्रती जोडाव्यात. बाबांनी त्याचं काय केलं ते लिहीत नाही.

गोष्ट इथे संपली असती तरी मी गप्प बसले असते. चक्कर, उपास, लग्नघरातली हळवी मनं — मी सगळं जुळवून टाकलं होतं. पण त्याच वर्षाच्या अखेरीस हनोक इथे आला. आमच्याकडेच उतरला. संध्याकाळी चहा घेत बसलो होतो, बाबा, फ्लोरा, शिमॉन, मी. मी हनोकला म्हटलं, कॉन्सुलेटमध्ये नेमकं काय झालं ते सांग तरी.

हनोक हसायला लागला. "अगं, आजीनं माझी लाज काढली. सगळं रीतसर झालं. अधिकारी तरुण पोरगा, फार सभ्य. त्यानं विचारलं, तिनं सांगितलं, मी इंग्रजी करून दिलं. शपथ झाली. सही नाही, अंगठा. मी म्हटलं, चल आजी. तर ही उठेचना. त्याचे दोन्ही हात धरले आणि हातबोशी केली. वकिलातीत! साहेबाबरोबर! म्हणाली, 'माज्या फ्लोराच्या लग्नाला मना येवला जमनार नाय. हा हात तिला पोचव.'"

 फ्लोरानं शिमॉनचा हात धरला.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, मी त्याला सांगितलं, आजी म्हणते ही हातबोशी पुढे द्या, नवरीपर्यंत पोचली पाहिजे. तो हसला. म्हणाला, जरूर, आमचं कामच आहे ते. तिकडची गोष्ट इकडे पोचवायची. आणि मागे त्याचा कुणी सोबती उभा होता, बॅग घेऊन निघालेला, त्याच्याशी हात मिळवला. मी म्हटलं, चला, साहेब गमतीचा आहे."

मी त्याला सगळं सांगितलं. येरुशलेमची खिडकी, रब्बी, बसस्टॉप, लग्न. फ्लोरानं तिच्या बाजूचं सांगितलं. हनोकचा चहा तसाच राहिला.

"त्या येरुशलेमवाल्यानं तुला काय म्हटलं? परत सांग."

"तू नाहीस."

हनोकनं कप खाली ठेवला. "लिली, आजी आणखी एक वाक्य बोलली होती. ते मी त्या अधिकाऱ्याला सांगितलंच नाही. कशाला सांगू? घरातलं बोलणं. आणि त्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हतं."

"काय बोलली?"

"म्हणाली, 'वाटंत लिली भेटंल. तिला आदी देऊ नको. ती मूठ मिटून पलंल, फ्लोराला मिलायचा नाय. फ्लोराला दे. फ्लोरा तिला देल.'"

बाबा हसले. आधी हळू, मग डोळे पुसत.

मी हनोककरवी आजीला विचारलं होतं, हे कसं केलंस. तिचा उलट निरोप आला — पोचला ना? मग विचारता काय? त्यानंतरही ती बरीच वर्षं जगली, आणि या विषयावर तिनं अवाक्षर काढलं नाही. सावलानुतांना शोधत मी एकदा मुद्दाम येरुशलेमला गेले, तर त्या खिडकीवर दुसरंच कुणी होतं. रब्बींना विचारायचं धाडस झालं नाही. बॅग घेऊन निघालेला तो सोबती कोण, त्यानं पुढे कुणाचा हात धरला, मधले दुवे किती, काही ठाऊक नाही.

तेव्हा कुणाला उलगडा होत असेल तर जरूर कळवा. स्पर्शाचं मी कसंतरी समजून घेईन. हात हाताला लागतो, चालत येतो, आमची रीतच तशी आहे. पण जे वाक्य कुणी भाषांतरच केलं नाही, ते येरुशलेमच्या त्या माणसाला हिब्रूत कसं पोचलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि शेगुलाआजी, तू कुठे असशील तिथे ऐक. मी पाच वर्षांची असताना मूठ मिटली होती, गं. त्याची चहाडी अशी सरकारमार्फत करायची काही गरज नव्हती.